अर्लीनबाईंच्या अंगणातलं कोकम

“आई, टेबलापासून एवढ्या लांब काय उभ्या राहिलात?” अनयानं सासूला विचारलं.

“ज्याला हवं तो घेईल की आपल्या हातानं,” रत्नाबाई म्हणाल्या.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात, शेजारच्या अर्लीनबाईंच्या अंगणात जूनटीन्थ रंगात आला होता. गुलामी संपल्याची बातमी टेक्ससमधल्या काळ्या गुलामांना दोन वर्षांहून जास्त उशिरा कळली. ती कळली त्या दिवसाचा हा सण. पूर्वजांच्या सांडलेल्या रक्ताची आठवण म्हणून या दिवशी खाणंपिणं लाल. “काहीतरी लाल आण,” असं अर्लीनबाईंनी सांगितल्यावर रत्नाबाईंनी महाडहून आणलेलं कोकम भिजवून त्याचं सरबत केलं होतं.

पण माणसं टेबलाशी यायची, भांड्यात डोकावायची, हसायची आणि रिकामा ग्लास घेऊन परत जायची. विटाळ नको म्हणून आपल्या आईच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, हे रत्नाबाईंनी लहानपणी पाहिलं होतं. म्हणून कुठल्याही पंगतीत त्या वाढायला पुढे होत नसत. इथे महाराष्ट्र मंडळातसुद्धा नाही. एवढ्या लांब येऊनही तेच?

“अनया, भांडं उचल. घरी जाऊ.”

“थांबा हो आई, मी विचारते तरी.”

अनया परत आली ती हसतच. मागे काठी टेकत अर्लीनबाई.

“अहो, सगळे केव्हाचे तहानलेत! यांच्या फॅमिलीत रूल आहे, लाल सरबत ज्यानं केलं त्यानंच सर्व्ह करायचं. तुमच्यासाठी वेट करतायत सगळे.”

रत्नाबाईंना हसूही आलं आणि रडूही. “त्यांना सांग, माझ्या आईला लोक वरून पाणी ओतायचे.”

अनयानं सांगितलं. अर्लीनबाईंनी एक रिकामा ग्लास उचलला. मग म्हणाल्या, “माझ्या आईला गोऱ्यांपासून नळच वेगळा होता,” आणि त्यांनी ग्लास पुढे केला.

रत्नाबाईंनी डाव भरला. ग्लासाला लागू नये म्हणून नकळत उंच धरला. अर्लीनबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि डाव ग्लासाला टेकेपर्यंत खाली आणला. एका दमात सरबत संपवलं, आंबटपणानं एक डोळा मिटला आणि ग्लास पुन्हा पुढे केला. मागे रांग फाटकापर्यंत गेली होती.

रत्नाबाईंनी पदर कमरेला खोचला.

“अनया, घरून ते मोठं पातेलं आण,” त्या म्हणाल्या. “हे पुरायचं नाही.”