चुकीच्या छातीवरचा निळा बिल्ला

मी एक बिल्ला बोलतोय. निळ्या साटिनच्या चुण्या, मधोमध सोनेरी गोल, त्यात कान टवकारून बसलेलं कुत्रं आणि खाली लोंबणाऱ्या दोन फिती, असं माझं रूप. दिसायला मी देखणा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे स्वतःबद्दल चांगलं सांगण्यासारखं माझ्याजवळ फारसं काही नाही. माझी सगळी हकिकत शरमेची आहे.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातला. मेलबर्नच्या पलीकडे एका गावात एक म्हातारी घरबसल्या बिल्ले शिवते. तिनंच मला चुण्या घातल्या, पाठीला टाचणी लावली आणि भावंडांसोबत खोक्यात ठेवून दिलं. आम्हाला कुत्र्यांच्या प्रदर्शनात जायचं होतं. जिंकलेल्या कुत्र्याच्या मालकाच्या हाती पडायचं, चार टाळ्या ऐकायच्या आणि मग कुणाच्या तरी भिंतीवर धूळ खात बसायचं. बिल्ल्यानं याहून मोठं स्वप्न पाहू नये, आणि मीही पाहिलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मैदानावर तंबू लागले होते. कुत्र्यांचा थाट काय वर्णावा! कुणाच्या अंगावर गरम हवेचा पंखा फिरत होता, कुणाच्या मिशा विंचरल्या जात होत्या, आणि एक बाई तर आपल्या कुत्र्याचा पंजा मांडीवर घेऊन नखं घासत बसली होती. आम्हा बिल्ल्यांना पांढरी चादर घातलेल्या टेबलावर ओळीनं मांडलं होतं. सगळ्यांत मोठा मागे, आम्ही मधले त्याच्या पुढे. टेबलामागे एक हसऱ्या चेहऱ्याची बाई उभी होती.

तिथं धनीरामजी आले.

धनीरामजी भंडारा जिल्ह्यातले, साकोलीजवळच्या एका खेड्यातले. साकोलीच्या एका हायस्कुलात त्यांनी शिपाई म्हणून सारी नोकरी काढली. मुलगा योगेंद्र इंजिनियर होऊन मेलबर्नला गेला, सून रुपा तिथल्याच दवाखान्यात नर्स. म्हाताऱ्याला थोडे दिवस बोलावून घेतलं होतं. बायको धुरपताबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या गावीच राहिल्या. योगेंद्रच्या साहेबांच्या मुलीनं आपलं पिल्लू प्रदर्शनात उतरवलं होतं, त्यामुळे अख्खं ऑफिस तिथं जमणार होतं. रुपाची ड्युटी होती. घरी एकटे बसून कंटाळतील म्हणून योगेंद्रनं वडिलांनाही गाडीत घातलं.

आता चूक कशी झाली ते ऐका. तुमच्याकडे कुठलाही कार्यक्रम असो, पाहुणा दारातून आत शिरला की त्याच्या छातीवर बिल्ला लागतो. हायस्कुलात हे काम धनीरामजींचं. गॅदरिंग असो की निरोप समारंभ, ताट घेऊन ते गेटवर उभे. झालरीचा मोठा बिल्ला अध्यक्षांना, मधला पाहुण्यांना, लहान पालकांना. खादीला भोक पडू नये म्हणून टाचणी खिशाच्या शिवणीतून घालायची, ही त्यांची युक्ती. किती आमदार, किती सभापती, किती ठेकेदार त्यांच्या हातानं मान घेऊन आत गेले. त्यांच्या स्वतःच्या छातीवर कुणी बिल्ला लावला नाही. त्यांना त्याचं वाईट वाटल्याचंही कुणाला आठवत नाही.

अशा माणसानं परमुलखात पांढरी चादर, ओळीनं मांडलेले बिल्ले आणि मागे हसणारी बाई पाहिली. शंकेला जागाच कुठं होती? बाई त्यांना गुड मॉर्निंग म्हणाली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून वळली. धनीरामजींनी तिच्या पाठीला नमस्कार केला. सगळ्यांत मोठ्या बिल्ल्याकडे त्यांनी हात नेला नाही, तो अध्यक्षांचा. त्यांनी मला उचललं आणि स्वतःच्या हातानं, खिशाच्या शिवणीतून, सदऱ्यावर लावलं. त्या सदऱ्याखाली काळीज धडधडत होतं. मला ओरडता आलं असतं तरी त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

मग ते पुढच्या रांगेत जाऊन ताठ बसले.

थोड्या वेळानं पिल्लांचा निकाल लागला. साहेबांच्या मुलीचं पिल्लू पहिलं आलं. मुलगी त्याला कडेवर घेऊन उड्या मारत पुढे आली. टेबलामागच्या बाईनं हात घातला तर माझी जागा रिकामी. शोधाशोध सुरू झाली, आणि कुणीतरी पुढच्या रांगेकडे बोट दाखवलं. हसण्याची एक लाट मैदानभर गेली. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, पण हसणं ते हसणंच. मी चुण्या आवळून घेतल्या.

योगेंद्र जवळच, ऑफिसच्या लोकांत, कॉफीचा कप घेऊन उभा होता. साहेब त्याच्याकडे वळले.

"तुमच्याकडचे दिसतात हे गृहस्थ. तुझ्यासोबत आलेत का?"

"नाही," योगेंद्र म्हणाला. "मी ओळखत नाही."

ती माझ्या जन्माची भाषा होती, म्हणून मला शब्द न् शब्द कळला. ज्यांच्या छातीवर मी होतो, त्यांना त्यातलं काही कळलं नाही.

टेबलामागची बाई भली होती. तिनं खोक्यातून एक उरलासुरला हिरवा बिल्ला काढून मुलीला दिला आणि माईकवर म्हणाली, आजचा निळा बिल्ला आपल्या दूरच्या पाहुण्यांना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धनीरामजींनी आधी मागे वळून पाहिलं, की मान कुणाला मिळतोय. मग सगळे आपल्याकडेच पाहतायत हे लक्षात आल्यावर ते उठले आणि हात जोडून चारी दिशांना वळले. योगेंद्रनंही टाळ्या वाजवल्या. साहेबांची मुलगी हातातल्या हिरव्या बिल्ल्याकडे पाहत होती आणि तिचा ओठ थरथरत होता. ते फक्त मी पाहिलं, असं मला तेव्हा वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर वडिलांना न्यायला योगेंद्र आत आला नाही. त्यानं फोन केला, "बाबा, गेटाबाहेर या. मी गाडीपाशी आहो."

गाडीत धनीरामजी मला सारखे हात लावून पाहत होते. "पाह्य योगेंद्र, ना वळख ना पाळख, अन् लोकाइनं केवढा मान देल्ला मले. तू कोठी होता तवा?"

"तेथीच होतो बाबा."

"पाह्यलं ना मंग?"

"हो बाबा."

हे बोलणं मला त्या दिवशी कळलं नव्हतं, मराठी मला अजून यायची होती. पण गावी आल्यावर धनीरामजींनी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा सांगितलं की माझं पाठ झालं.

गावी टीव्हीच्या वर खिळा ठोकून मला लटकवलं. लोक पाहायला येत. कुणी विचारी, "का जी, याच्यावर कुत्रं काहून?" धनीरामजी म्हणत, "तिकडच्या मंडळाचं निशाण आहे ते." लोकांना पटे. निवडणुकीत इतक्या तऱ्हेची निशाणं पाहिलेल्यांना कुत्र्याचं काय नवल! प्रत्येक वेळी मला वाटे, खिळ्यासकट खाली पडावं.

कळस पुढेच होता. हायस्कुलानं त्यांना गॅदरिंगला पाहुणा म्हणून बोलावलं. परदेशात सत्कार झालेले आपले धनीरामजी! मला सदऱ्यावर लावून ते स्टेजवर बसले. मुलांना म्हणाले, आपण कोणतंही काम इमानदारीनं करा, एक दिवस दुनिया वळखते. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो प्रत्येक कडकडाट माझ्या तोंडावर चपराकीसारखा बसला.

आणि मग रुपाचा व्हिडिओ कॉल आला. प्रदर्शनात कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला होता. घरात सगळ्यांना माहीत असेल, असं समजून तिनं तो हसत हसत सासूला दाखवला. धुरपताबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ सुपातल्या तांदळातून बोटं फिरवत बसल्या. धनीरामजी अंगणातून आत आले.

"आयकता का जी. तो बिल्ला कुत्र्याचा होता."

"कुत्र्याचं निशाण आहे त्याच्यावर. सांगतलं ना तुले."

"निशाण नाई. एका पोरीच्या कुत्र्याले भेटाचं बक्षीस होतं ते. तुमी टेबलावरून उचललं. रुपानं दाखवलं मले. लोक हासून राहिले होते."

धनीरामजींचा हात खिशाच्या शिवणीवर गेला. मी तिथं नव्हतो, खिळ्यावर होतो. ते खाली बसले. मला वाटलं, आता लोकांबद्दल विचारतील, गावाबद्दल विचारतील, हायस्कुलाचं काय करायचं म्हणतील.

"योगेंद्रले मालूम होतं?" त्यांनी विचारलं.

धुरपताबाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला कागदात गुंडाळून हायस्कुलात घेऊन गेले. प्रार्थना झाल्यावर हेडमास्तरांची परवानगी काढून मुलांसमोर उभे राहिले. "पोराहो, मी तुमाले खोटं सांगतलं. जाणून नाई सांगतलं, पण खोटं होतं. हा बिल्ला कुत्र्याच्या पिल्लाचा होये." मुलं हसली. मास्तर डोळे वटारायला लागले तर धनीरामजींनीच हातानं त्यांना थांबवलं. हसणं संपेपर्यंत ते मान खाली घालून उभे राहिले. मग उरलेलं सांगितलं आणि घरी आले. चेहरा राखेसारखा झाला होता. मी भोगलेली सारी शरम त्या चेहऱ्यापुढे काहीच नव्हती.

घरी आल्या आल्या त्यांनी मुलाला फोन लावला.

"त्या पोरीचा बिल्ला मी पोस्टानं तुयाकडं धाडून राहिलो. तो घेऊन तू सोता तिच्या घरी जाजो."

"बाबा, ते लोक कवाचेच विसरले. राहू द्या ना आता."

"ते विसरले असतीन. पोरगी नाई विसरली. हिरवा बिल्ला हाती घेऊन कशी उभी होती ते मी पाह्यलं होतं, मले त्याचा अर्थ नवता समजला." योगेंद्रनं तेव्हाच का सांगितलं नाही, हे ते विचारतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी ते विचारलं नाही. "तिच्या बापासमोर उभा राहून सांगजो. म्हणा, तो माणूस माया बाप होये. त्याले इथली रीत मालूम नवती, त्याची चूक झाली. एवढंच सांग. जास्त काई बोलू नोको."

धनीरामजींनी फोन कानापासून काढून पाहिला.

"हॅलो? योगेंद्र? लाईन गेली का बाप्पा?"

आपण मुलाकडून काय मागितलं, हे त्या म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं. त्या घरात ते फक्त मला ठाऊक होतं.

"बाबा, मी तवा..." योगेंद्र म्हणाला.

"बोल ना."

"काई नाई बाबा. जातो मी. सांगतो."

सध्या मी कापसात गुंडाळलेला, एका पाकिटात पडून आहे. पाकिटाला धुरपताबाईंनी सुई-दोऱ्यानं टाके घातलेत. विमान मला माझ्या देशी नेईल. पण जन्मगावी परतण्याचा आनंद माझ्या मनात नाही. मुलीला तिचा बिल्ला मिळेल आणि तिच्या भिंतीवर मी धूळ खात बसेन, तेवढं भाग्य मला पुष्कळ झालं.

वाचकहो, निरोप घेतो. हसायचं असेल तर मला हसा, त्या म्हाताऱ्याला हसू नका. मला धास्ती आहे ती एकाच घटकेची. योगेंद्र मला मुठीत धरून साहेबांचं दार वाजवेल, साहेब दार उघडतील, आणि त्याला तोंड उघडून सांगावं लागेल, की ते माझे वडील होते.