पत्र्यातला आवाज

शेवटचा स्क्रू निघाला तशी एसीची जाळी तिच्या हातात आली. स्टुलावर उभं राहून तिने छताजवळच्या चौकोनी भोकाला कान लावला. खालच्या खोलीत बाबा सिनेमा बघत होते. घोडे उधळले, मग कुणीतरी कुणाला तरी दम भरला. एकेक शब्द इतका स्वच्छ येत होता, की तो दम आपल्यालाच भरलाय असं तिला वाटलं.

“ऐकलंस?” स्टूल धरून उभी असलेली आई म्हणाली. “परवा इतिहास वाचत होते. तहाची बोलणी रंगात आली आणि मध्येच हेलिकॉप्टर उतरलं.”

शाळेतून निवृत्त झाल्यापासून आई दृष्टिहीन मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करत असे. खिडकीला जाड पडदा, दाराच्या फटीला रबरी पट्टी, सगळा बंदोबस्त तिने केला होता. तरी मागे आवाज येतो म्हणून संस्थेकडून काही धडे परत आले. आई त्यावर हसली, पण त्यानंतर माईकसमोर बसली नाही. मुलीला ते हसणंच खटकलं होतं.

ती खाली गेली. बाबांनी रिमोट हातातून सोडला नाही.

“आवाज? माझ्या डक्टमधून?” ते म्हणाले. “सुईएवढी हवा गळत नाही त्यातून.”

“म्हणूनच तर. सरळसोट, आतून गुळगुळीत. इथे घोडा सोडला की थेट आईच्या टेबलावर.”

त्या घरातला थंड हवेचा सगळा मार्ग बाबांनी स्वतःच्या हातांनी घडवला होता. पत्रा कापण्या-वाकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. कारखान्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणत.

“बरं, बारीक करतो,” म्हणत त्यांनी आवाज कमी केला. थोड्याच वेळात ते खुर्चीत पुढे सरकले, कपाळाला आठ्या घालून पडद्यावरच्या ओठांकडे बघू लागले. अंगठा हळूच रिमोटवर फिरला. घोडे परत आले. पत्र्यावर पडलेले इतक्या वर्षांचे घाव कुठेतरी जमा झाले होते. घरात कानांचा विषय निघाला, की तुम्हीच हल्ली पुटपुटता, असं ते म्हणत.

तिने आज तो विषय काढला नाही.

“राहू दे आवाज. मी डक्टच वळवते.”

“म्हणजे माझा पत्रा कापणार?”

“कापावा लागेल, बाबा.”

त्यांनी सिनेमा थांबवला.

कारखाना आता तीच चालवत होती. बाबा येत, उभे राहत, बघत. तिने पत्र्याचा एक मोठा डबा केला. आत आडव्या भिंती घातल्या, म्हणजे हवेला नागमोडी जावं लागेल. आवाज शोषायला सगळीकडून काचेच्या लोकरीचा थर दिला आणि तंतू उडू नयेत म्हणून त्यावर काळं कापड ताणून चिकटवलं.

“हवा कोंडेल,” बाबा म्हणाले. “आवाज अडवायला गेलीस आणि तुझ्या आईला उकडवलंस तर?”

“म्हणून तर डबा एवढा रुंद केलाय. वाट वाकडी आहे, अरुंद नाही.”

त्यांनी खिशातली टेप काढली. इकडून मोजलं, तिकडून मोजलं. आत हात घालून कोपरे चाचपले. मग म्हणाले, “हं.”

त्या कारखान्यात माणसं त्या ‘हं’ची वाट बघत म्हातारी झाली होती. ती वळून अवजारं गोळा करू लागली. उगाचच, कारण ती आधीच गोळा केलेली होती.

रविवारी सकाळी बाबांनी शिडी धरली. कटर पत्र्याला लागला तेव्हा ते भिंतीकडे बघत राहिले. कापलेला तुकडा मात्र त्यांनीच खाली घेतला आणि आपल्या जुन्या जोडावरून अंगठा फिरवला.

“बरा घातला होता.”

“अजून तसाच आहे,” ती वरून म्हणाली. “कापताना दमले मी.”

ते खुशीत हसले.

डबा बसला. पत्र्याची थरथर पुढे जाऊ नये म्हणून तिने दोन्ही टोकांना जाड कापडाचे जोड दिले, फटी लेपाने बुजवल्या. हवा परत येण्याच्या वाटेवरही तसाच एक छोटा डबा घातला. मग खाली जाऊन घोडे सोडले, चांगले मोठ्याने, आणि धावतच वर आली.

बाबा स्टुलावर उभे होते. जाळीवर तळहात ठेवून हवेचा जोर बघत होते.

“हवा भरपूर. आणि आवाज म्हणाल तर काहीसुद्धा नाही!”

आईने मुलीकडे पाहिलं. मुलीने आईकडे. बाबांनी आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. जाळीवरचा हात सावकाश खाली आला. ते स्टुलावरून उतरले.

“तू चढ,” ते आईला म्हणाले. “तू ऐक. माझ्या कानांची साक्ष चालायची नाही.”

आई वर चढली. त्यांनी तिचं कोपर धरलं. तिने डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

“हवा आहे,” ती म्हणाली. “नुसती हवा.”

त्या दुपारी परत आलेला सबंध धडा आईने पुन्हा वाचला. बाबा दाराशी खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसले. जिन्यात मुलीला गाठून त्यांनी विचारलं, “ते कान तपासायचं कुठे म्हणत होतीस?”

तपासणीची खोली लहानशी होती, जाड दाराची. तिथल्या बाईंनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले.

“आवाज आला की बटण दाबायचं हं, काका.”

बाबा छताकडे बघत होते. त्यांनी हेडफोन काढले.

“त्या जाळीतून बाहेरचं ऐकू येतं का हो तुम्हाला?”

“थोडंसं. बाहेर फोन वाजला की येतं. चालतं तेवढं.”

“का चालवून घ्यायचं?”

ते उठले आणि जाड दार उघडून अर्धे बाहेर आले. बाकावरची मुलगी घाबरून उभी राहिली.

“काय झालं, बाबा?”

“काही नाही. बस तू.” मग ते मागे उभ्या असलेल्या बाईंकडे वळले आणि नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाले, “ती बघा, निळ्या सदऱ्यातली. यातलं तिला कळतं. मी तिचा बाप.”

बाकांवरचे सगळे तिच्याकडे बघू लागले. एरवी ती म्हणाली असती, बाबा, हळू बोला.