बरोबरच्या चिन्हावरची काट

दुपारच्या बैठकीत धाकटीचा निकाल लागणार होता.

कंपनी दवाखान्यांना अपॉइंटमेंट नोंदवायचं सॉफ्टवेअर पुरवायची. गेले काही आठवडे, रोज सकाळी दवाखाने उघडायच्या वेळेलाच, ते धापा टाकत होतं. काउंटरवरच्या बायका बटण दाबून बसायच्या, पडद्यावर चाक फिरत राहायचं आणि समोरचे आजारी लोक त्यांच्यावर खेकसायचे. डेटाबेस धाकटीच्या ताब्यात होता आणि तो नव्या सर्व्हरवर हलवायचा आग्रहही तिचाच होता, त्यामुळे खापर फोडायला दुसरं डोकं शोधावं लागलं नाही. कारण सापडलं तर ती नोकरीत कायम होणार होती. नाही सापडलं तर या महिनाअखेरीस रामराम.

तिला ऑफिसात धाकटी म्हणायचे, कारण तिची सख्खी मोठी बहीण तिथेच, दोन टेबलं सोडून, अहवाल विभागाची प्रमुख होती. मोठीला सगळेच ताई म्हणत. दोघींच्या वरिष्ठ असलेल्या मॅडमसुद्धा. धाकटीला ही नोकरी ताईनेच मिळवून दिली होती.

कारण शोधायचं ते एकाच ठिकाणी, डेटाबेसवर नजर ठेवणाऱ्या टूलमध्ये. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात वेळ निवडायची पट्टी. मध्ये दोन आलेख: पहिल्यात सर्व्हरवर एकूण ताण किती, दुसऱ्यात तो ताण कुणामुळे, प्रत्येक क्वेरीला वेगळा रंग. क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला एकेक प्रश्न. खाली त्यांची यादी, सगळ्यांत जड सगळ्यांत वर. डावीकडे फिल्टरचं, म्हणजे काय दाखवायचं नि काय गाळायचं त्याचं, चिंचोळं पॅनेल. ही सगळी मांडणी, म्हणजे डॅशबोर्ड, ज्याने त्याने आपापली करून घ्यायची असते. धाकटीने केली नव्हती. रुजू झाली त्या दिवशीच ताई म्हणाली होती, "नवा कशाला मांडत बसतेस? माझा घे. ताट वाढून ठेवलंय, नुसती जेवायला बस."

धाकटी तेव्हापासून त्याच ताटात जेवत होती.

घोळ असा होता की पहिला आलेख म्हणायचा, सर्व्हर घामाघूम. दुसरा म्हणायचा, काम फारसं नाहीच. दोन्हींचा मेळ बसत नव्हता. धाकटीने वेळेची पट्टी दिवसावरून तासावर आणली, तासावरून मिनिटावर आणली. यादी जडपणाने लावून पाहिली, वारंवारतेने लावून पाहिली. वरच्या क्वेऱ्या एकेक करून उघडल्या. सगळ्या गरीब गाई.

"चूल पेटलेली आणि स्वयंपाकघरात चिटपाखरू नाही," भोंगा म्हणाला होता. तक्रारींचे फोन घेणं हे त्याचं काम. त्याच्या मोबाइलची रिंग आख्ख्या मजल्याला ऐकू जायची, म्हणून भोंगा. "तुझा सर्व्हर झपाटलाय. लिंबू-मिरची बांध."

बाकीच्यांनी तेच सभ्य शब्दांत म्हटलं: नवं यंत्रच खराब आहे, आणि ते आणलं कुणी?

जेवणाच्या सुट्टीत धाकटी बैठकीच्या खोलीत गेली. मोठ्या पडद्यावर सगळं नीट दिसतंय का, एवढंच तिला पाहायचं होतं. लॅपटॉपची केबल जोडली. चित्र मोठ्या पडद्यावर पसरलं आणि डावीकडचं पॅनेलही रुंद झालं.

त्या पॅनेलमध्ये एक राखाडी चिठ्ठी होती. लॅपटॉपच्या लहान पडद्यावर तिची सुरुवात कापली जायची, दिसायचा तो फक्त शेवटचा शब्द: 'रिपोर्ट्स'. धीमेपणाच्या पहिल्या तक्रारी आल्या त्याच आठवड्यात ही चिठ्ठी उगवली होती. धाकटीने तेव्हा विचारलंही होतं, "ताई, हे रिपोर्ट्स काय?" ताई म्हणाली होती, "आमच्या क्वेऱ्याही तुला दिसाव्यात म्हणून घातलंय. तुझंच काम सोपं."

मोठ्या पडद्यावर चिठ्ठी पूर्ण दिसत होती. युजर, मग बरोबरचं चिन्ह, मग रिपोर्ट्स. आणि बरोबरच्या चिन्हावर आडवी काट.

म्हणजे बरोबर नव्हे. म्हणजे रिपोर्ट्स सोडून बाकीचे सगळे.

धाकटीने बदल जतन न करता, नुसतं पाहण्यापुरती, चिठ्ठी काढून टाकायची फुली दाबली. दुसऱ्या आलेखात जांभळा पट्टा तळापासून छतापर्यंत उभा राहिला. यादीत एक नवी क्वेरी थेट डोक्यावर येऊन बसली. अहवाल विभागाची. रोज सकाळी, दवाखाने उघडताना, ती सगळ्या दवाखान्यांच्या सगळ्या अपॉइंटमेंट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढत होती. धाकटीने डॅशबोर्डच्या नावावर कर्सर नेला. मालकाच्या जागी ताईचं नाव होतं. ते तिला माहीतच होतं, तरी तिने दोनदा वाचलं.

ताई पँट्रीत एकटीच होती.

"काट कुणी मारली, ताई?"

"कसली काट?"

"बरोबरच्या चिन्हावर."

ताई चहा ढवळत राहिली. ती बिनसाखरेचा चहा पिते.

"हळू बोल, चिमे." हे घरातलं नाव. "सगळ्यात मोठ्या ग्राहकाला मी शब्द देऊन बसले होते. सकाळी दार उघडलं की ताजा अहवाल हातात. माझ्या बढतीचा कागद वर गेलाय. तो खाली येईपर्यंतच झाकायचं होतं."

"आणि माझा कागद?"

"तुला फार तर तंबी मिळाली असती."

"मला काढणार आहेत."

"इतकं ताणतील असं वाटलं नव्हतं गं. आणि तू काय, तरणीताठी, कुठंही लागशील. मला या वयात कोण उभं करणार?"

"मी तुला तोंडावर विचारलं होतं. तू तोंडावर खोटं बोललीस."

ताईने कप ठेवला. डोळे भरले होते आणि ते पाणी खरं होतं. "बैठकीत मीच सांगते सगळं. माझ्या तोंडून जाऊ दे, म्हणजे निदान मान राहील. एवढं ऐक. सख्खी आहे ना मी तुझी?"

धाकटी म्हणाली, "बरं."

बैठकीत मॅडम, भोंगा आणि या दोघी. मॅडमनी फाइल उघडायच्या आतच ताई उभी राहिली.

"कारण सापडलंय. आमच्या अहवालाची एक क्वेरी जड आहे. ती मी आजच दुपारवर ढकलते, उद्यापासून त्रास नाही." तिने धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. "पण ती इतके दिवस कुणाला दिसलीच नाही, कारण डॅशबोर्डवर चुकून एक फिल्टर राहिला होता. धाकटी नवीन आहे. होतं असं. तिला सांभाळून घ्या, एवढीच विनंती."

आवाज मायेचा होता. धाकटीला क्षणभर आपलीच चूक असावी असं वाटून गेलं.

"डॅशबोर्ड कुणाचा?" मॅडमनी विचारलं.

"पाहा ना," ताई म्हणाली.

माउस धाकटीच्या हातात होता. तिने नावावर कर्सर नेला. मोठ्या पडद्यावर, सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात, मालक म्हणून धाकटीचं नाव आलं.

भोंगा हसला. "अगं, स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून चोर शोधत होतीस होय?"

जेवणाच्या सुट्टीत तिथे ताईचं नाव होतं. पँट्रीतून टेबलाशी येऊन ताईने काय केलं, ते धाकटीच्या आत्ता ध्यानात आलं. डॅशबोर्ड दुसऱ्याच्या नावावर करता येतो, आणि घेणाऱ्याची परवानगी लागत नाही.

तिने ताईकडे पाहिलं. ताई पडद्याकडे पाहत होती.

कर्सर कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर गेला. मेनू उलगडला. नक्कल करा, पाठवा, पुसा. सगळ्यात खाली, सहसा कुणी जात नाही तिथे, बदलांचा इतिहास.

"चिमे," ताई म्हणाली. चारचौघांत तिने हे नाव आजवर कधी घेतलं नव्हतं.

धाकटीने क्लिक केलं.

दोनच नोंदी होत्या. फिल्टर जोडला: ताई. मालक बदलला: ताई, आज. मॅडमनी चष्मा वर सरकवून दोन्ही वाचल्या. भोंग्याचा फोन वाजला आणि त्याने तो घाईघाईने बंद केला.

"ताई, तुम्ही थांबा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दोघं निघा. धाकटे, तुझं कायमचं पत्र मी उद्या काढते."

बाहेर भोंग्याने हात पुढे केला, मग कशाबद्दल अभिनंदन करायचं ते न कळून मागे घेतला. धाकटी जागेवर बसली. बऱ्याच वेळाने ताई खोलीतून आली, स्वतःच्या टेबलाकडे न जाता सरळ तिच्यापाशी.

"सांगू देणार होतीस ना मला?"

"दिलं की सांगायला."

ताईने तिच्या खुर्चीची पाठ धरली. मग आवाज सावरत म्हणाली, "घरी आईला मी सांगते. तू काही बोलू नकोस, तिला उगाच त्रास."

"नको," धाकटी म्हणाली आणि फोन उचलला. "आईला मी सांगणार आहे."