गंधकाच्या खोलीतले गुलाब

मुलीला मागणी घालायला कोणी जुलैत येतं का? तुर्कस्तानात, आमच्या मालत्यात जुलै म्हणजे जर्दाळू. घरात कुणाला डोकं खाजवायला फुरसत नसते आणि तुन्जायला नेमकी तेव्हाच रजा मिळाली. तो काळ्या समुद्राकाठचा, चहाच्या मळ्यांतला. "ज्याला जर्दाळूतलं ओ की ठो कळत नाही, त्याला मी माझी झेलिहा देणार नाही," असं बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं. तुन्जाय नाही तर कुणीच नाही, हे माझंही ठरलेलं. हट्टीपणात मी बाबांचीच मुलगी.

पाहुणे आले तेव्हा बाबा गंधकाच्या खोलीत जर्दाळूंचे ट्रे रचत होते. तुन्जाय नव्या कोऱ्या सुटात धावला आणि ट्रे उचलू लागला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, जीव नुसता हरखला होता. काम संपलं. बाबांनी थाळीतलं पिवळं गंधक पेटवलं, निळी ज्योत नाचायला लागली. त्यांनी दार ओढून फटी ओल्या मातीने लिंपल्या.

सगळे बैठकीत टेकले, मी कॉफी चढवली. तेवढ्यात तुन्जायची आई, नुरतेनबाई, म्हणाल्या, "अरे, मुलीसाठी आणलेले गुलाब कुठायत?"

तुन्जायचा चेहरा पांढराफटक. "आई... ट्रे उचलताना खोलीत ठेवले. गार होतं ना तिथे."

मला असं हसू फुटलं की डोक्यावरच्या रुमालाचा बोळा तोंडात कोंबावा लागला. नुरतेनबाई तरातरा अंगणात, मागून बाबा, माझी आत्या, आम्ही सगळे.

"उघडा ते दार! रिकाम्या हातांनी मुलगी मागू?"

"गंधक आत हवेतला प्राणवायू खातंय," बाबा शांतपणे म्हणाले. "त्याचा धूर फळात मुरला तरच रंग टिकतो. उघडलंत तर सगळा माल काळा पडेल."

"कसला मेला धूर! आमच्याकडे चहा वाळवायला कोळसा जळतो, त्याला असला वास नाही येत."

"कोळशाने जर्दाळू पिवळं राहतं का?"

बाईंनी सरळ कडी ओढली. भसकन धूर आला! आत्या खोकली, मी खोकले, नुरतेनबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"आई, मागे हो! गुलाब गेले खड्ड्यात!" तुन्जायने खांद्याने दार लोटलं, बादलीतली माती दोन्ही हातांनी उपसली आणि सपासप फटींवर थापायला लागला. सुटाचा चिखल झाला, नाक वाहत होतं, पण गडी हटेना.

बाबा बघत राहिले. मग वाकून त्यांनीही मूठभर माती घेतली.

"खालची फट राहिली बघ," ते त्याला म्हणाले. आणि मान वळवून, "विहीणबाई, जरा सरका. जावयाला हात हलवायला जागा द्या."

नुरतेनबाईंनी डोळे पुसले. "अहो, पण आम्ही अजून मुलगी मागितली कुठे?"

अशा वेळी मुलीने लाजायचं असतं. मी खोकत खोकत टाळ्या पिटल्या.