खोक्यात जपलेला डावा बूट

मी एक जुना डावा बूट आहे. उजवा माझ्या शेजारीच असतो, पण तो पहिल्यापासून अबोल, त्यामुळे आम्हा दोघांची हकीकत सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, ही हकीकत मला स्वतःलाही नीट उमगलेली नाही. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला कदाचित उमगेल.

आमचा जन्म कारखान्यातला. जाड चामडं, दणकट नाड्या आणि तळाच्या आत एक मऊ थर, दगडधोंड्यांचा मार पायाला लागू नये म्हणून. जमीन मोजणाऱ्या एका माणसानं आम्हाला विकत घेतलं. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. त्यांच्याबरोबर आम्ही उन्हातान्हात डोंगर तुडवले, ओढे ओलांडले, काट्यांशी दोन हात केले. घरी आलो की आई म्हणायच्या, "ते बूट बाहेर काढा, घरभर चिखल नको!" मला वाटायचं, किती हा अपमान.

मग बाबांना बढती मिळाली. त्यांना खुर्ची मिळाली आणि आम्हाला खोका. "हे आता धाकट्यासाठी ठेवायचे," बाबा म्हणाले. धाकटा म्हणजे त्यांचा शेवटचा मुलगा. तो तेव्हा एवढासा होता की दोन्ही पाय एकट्या माझ्यात घालून धपकन पडायचा.

खोक्यात आमचे फार लाड झाले. बाबा आठवणीनं पॉलिश करायचे, आत कागदाचे बोळे भरायचे. पाहुणे आले की खोका बाहेर यायचा. "इतके जुने आहेत, पण बघा, नवेच वाटतात की नाही?" पाहुणे माना डोलवायचे आणि मी फुलून जायचो. फक्त तळाशी, आत कुठेतरी, मला कसंसंच व्हायचं. जास्त कौतुक झालं की असं होत असावं, अशी मी समजूत करून घेतली.

धाकटा शिकायला परदेशी निघाला तेव्हा बाबांनी कपडे बाजूला सारून आम्हाला बॅगेत बसवलं. "जपून वापर हं," ते म्हणाले. धाकट्यानं त्यातलं 'जपून' तेवढं ऐकलं. वसतिगृहाच्या खोलीत त्यानं आम्हाला वरच्या फळीवर ठेवलं आणि स्वतः साध्या चपलांवर फिरू लागला.

त्या फळीवरून मला त्याचं सगळं दिसायचं. सुटीच्या दिवशी कोणी दार वाजवलं, "चल, येतोस का?" म्हटलं, की तो म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे, मी बसतो इथेच." मग एकटाच जेवायचा. आणि घरी फोन लावून सांगायचा, "हो बाबा, खूप मित्र झालेत." मला कोडंच पडायचं. ते मित्र मला कसे दिसत नव्हते?

एका शनिवारी त्याच्या वर्गातला लंबू आणि रसायनशास्त्र शिकणारी एक मुलगी दारात आली. ते डोंगर चढायला निघाले होते. धाकटा म्हणाला, "माझ्याकडे तसले बूट नाहीत रे." एवढ्यात लंबूचं डोकं फळीला लागलं आणि आम्ही दिसलो.

"हे काय मग? शोभेला ठेवलेत?"

धाकट्यानं मला खाली काढलं. मित्रांनो, त्या क्षणी मला केवढा अभिमान वाटला! माझ्यामुळे या पोराला सोबत मिळणार होती.

डोंगर चढताना धाकटा आधी मागे होता, मग मध्ये आला, मग चक्क विनोद सांगू लागला. ते हसत होते. ओलं गवत, गार दगड, कितीतरी वर्षांनी पुन्हा जमीन! मी हरखून गेलो होतो. आणि अर्ध्या वाटेवर, काही ध्यानीमनी नसताना, माझा तळ सुटला. पुढून जबडा वासल्यासारखा. आतला मऊ थर भुसा होऊन वाटेवर सांडला. चार पावलांवर उजव्याचंही तेच झालं.

धाकटा मटकन खाली बसला. "बाबांनी इतके जपले होते रे..." तो म्हणाला. मग त्यानं तेच वाक्य उच्चारलं, "तुम्ही व्हा पुढे, मी बसतो इथेच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मित्र जोडून द्यायला आलो होतो आणि मीच तोडून बसलो.

रसायनवालीनं भुसा चिमटीत घेतला. "जपले म्हणूनच गेले. हा थर नुसता पडून राहिला की दमट हवेनं कुजतो. रोज घातले असते तर अजून चालले असते."

"मग आता काय करायचं?"

"करायचं काय? उठायचं," असं म्हणून लंबूनं कमरेचा पट्टा काढला आणि माझ्याभोवती आवळला. रसायनवालीनं आपला रुमाल फाडून उजव्याला बांधला. "हळू चालू. आम्हाला तरी कुठे घाई आहे?"

एका हातानं पँट सावरत लंबू, फटक् फटक् वाजत आम्ही, आणि हसून बेजार झालेले तिघे, असे आम्ही माथ्यावर पोचलो.

तिथून धाकट्यानं बाबांना फोन लावला आणि चाचरत सगळं सांगितलं. पलीकडून बाबांनी विचारलं,

"म्हणजे मी घालत राहिलो असतो, तर टिकले असते?"

"हो बाबा."

"आणि तू कुठे आहेस? एकटाच?"

"नाही. दोघं आहेत बरोबर." त्यानं फोन त्यांच्याकडे वळवला. ते दोघं ओरडले, "नमस्कार!" बाबा हसले, पण नाक ओढल्याचा आवाज मला स्पष्ट आला. मग ते आत वळून म्हणाले, "अगं, ते काचेचे कप काढ. कुठले काय विचारतेस? ठेवणीतले! आजच चहा पिऊ त्यातून."

आता आम्हाला नवे तळ बसवले आहेत. दर सुटीला आम्ही चिखलात असतो आणि पॉलिश कित्येक दिवसांत झालेलं नाही. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे, आवडती वस्तू कपाटात ठेवून तिची काळजी घेऊ नका, तिला बरोबर न्या. पण माझा गोंधळ काही सुटत नाही. ज्यांनी मला जीव लावला त्यांच्याच हातून माझा तळ गेला, मग त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? उजव्याला विचारलं, तर तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "बाहेर कोणीतरी दार वाजवतंय. चल."