मला बोल्टने ओढू नका

मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बोलतोय. होय, गाडीच्या पोटाखालूनच. वाकून बघू नका, कंबर धरेल, नुसतं ऐका. चांगला गिअरबॉक्स चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, आणि मी चांगला आहे. खोटी नम्रता मला जमत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात दातेरी चाकं, त्यांच्याभोवती फिरणारी आणखी चाकं आणि सगळ्यांना न्हाऊ घालणारं लाल तेल. कधी कुठला गिअर घ्यायचा हे माझं मी ठरवतो. क्लच दाबा, दांडा ओढा, असली कसरत माझ्याकडे नाही.

माझी पहिली गाडी एका डॉक्टरांची. इतकी वर्षं त्यांनी मला पळवलं, पण एकदाही माझी आठवण काढली नाही. मी तीच शाबासकी समजायचो. मग एका सिग्नलला मागून ट्रक आदळला. डॉक्टर सुखरूप, मीही सुखरूप, गाडीचा मात्र चेंदामेंदा.

भंगारवाल्याने मला काढलं, तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला आणि अंगावर खडूने 'चालू' असं लिहिलं. चांगल्या अर्थाने. मग फळीवर एका फुटक्या रेडिएटरशेजारी मी धूळ खात पडलो. ते दिवस मला फार जड गेले, सरळच सांगतो. फिरण्यासाठी जन्मलेल्याने फळीवर करायचं काय?

एक दिवस एक मेकॅनिक आला. त्याने बोळा काढून तेलाचा वास घेतला. जळका वास नव्हता. शाफ्ट हाताने फिरवून पाहिला आणि म्हणाला, "हाच पाहिजे. ताईसाठी."

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. ती ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. निम्म्या गल्लीला गाडी तिनेच शिकवली, या भावालासुद्धा. गाडी जुनी, शिकवणाऱ्याच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असलेली. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ताईच्या डाव्या पायात जोर राहिला नाही. क्लच दाबला की पाय लटपटायचा. जिने सगळ्यांना स्टिअरिंगमागे बसवलं, तिलाच आता बाजारात जायला "जरा सोडतोस का रे?" म्हणावं लागायचं. ते तिला सलायचं.

"हे जमलं तर ठीक," तिने भावाला बजावलं, "नाहीतर गाडी विकून टाक. दारात नुसती उभी असलेली मला बघवत नाही."

म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. गाडीचं इंजिन माझ्याच कंपनीचं निघालं. माझे बोल्ट त्याच्या भोकांत नेमके येत होते. आधीचा पाच गिअरचा म्हातारा खाली उतरवला गेला. शिकाऊ हातांनी त्याचे दात किती खरडले असतील, तो तरी टिकून राहिला. मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

आता एक समजून घ्या. माझ्या तोंडाशी भोपळ्याएवढं गोल, तेल भरलेलं भांडं असतं. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. क्लचचं काम तेच करतं. ते फिरवत फिरवत माझ्या आतल्या पंपाच्या खाचेत बसवायचं असतं. भावाने ते नीट बसवलंही होतं. पण जॅकवर मला वर चढवताना माझं तोंड खाली झुकलं आणि भांडं खाचेतून सुटून पुढे सरकलं. त्याच्या ते लक्षात आलं नाही. मी इंजिनाला भिडलो, तर मध्ये बोटभर फट.

"बोल्ट आवळले की बसेल," तो पुटपुटला आणि त्याने पाना लावला. माझा पंप कण्हला. आणखी थोडं आवळलं असतं तर पंप फुटला असता, मी भट्टीत गेलो असतो आणि गाडी विकायला निघाली असती. ओरडावं तर तोंडात भांडं अडकलेलं!

ताई गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसली होती.

"काय रे, एवढा जोर कशाला लावतोयस?"

"काही नाही ताई, जरा घट्ट जातंय."

"मला त्यातलं काही कळत नाही. पण गिअर पडत नसला की तू असाच फुसफुसायचास. तेव्हा मी काय सांगायचे?"

"ताई, ही काय शिकवणी आहे का?"

"काय सांगायचे?"

त्याचा पाना थांबला. मग शाळेत उभं केल्यासारखा म्हणाला, "जोर लावू नको. हात सोड. पुन्हा पहिल्यापासून."

"मग?"

कुरकुरत त्याने बोल्ट सैल केले, मला खाली घेतलं आणि भांडं बघून कपाळावर हात मारला. या वेळी त्याने ते हलक्या हाताने फिरवलं. खट्‌! बसलं. माझं तोंड जरा वर ठेवून त्याने मला पुन्हा चढवलं, तर फट नाही की काही नाही. बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत आत गेले.

पुढचं सगळं निगुतीने झालं. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून लांबी जुळवली, तेलाच्या नळ्या जोडल्या, क्लचचे दोन्ही पेडल काढून टाकले. ताई स्टिअरिंगमागे बसली. भाऊ तिच्या जुन्या सीटवर, ब्रेकवर पाय ठेवून.

"पाय काढ तिथून. तू शिकत होतास तेव्हा मी कधी अशी ब्रेकवर पाय ठेवून बसले होते का?"

"रोज."

"बरं, मग राहू दे," ती हसली, आणि आम्ही निघालो.

चढाला लागलो तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इंजिनाचा आवाज चढला की ताईचा डावा पाय आपसूक मॅटवर टेकायचा, जिथे आता क्लच नव्हता. मॅटला जोर लागत नाही. आणि नेमका त्याच क्षणी मी गिअर बदलायचो. पहिल्याचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा. ती एकदाही चुकली नाही. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी जन्मभर झटलो, आणि हिला माझी प्रत्येक हालचाल आधीच ठाऊक! मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? मला फार आनंद झाला.

गॅरेज आलं तरी गाडी थांबली नाही.

"अगं, कुठे?" भावाने विचारलं.

"तुला घरी सोडते."

त्याने ब्रेकवरचा पाय उचलून मागे घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

आता आमचा रोजचाच फेरा असतो. माझं मागणं फार नाही. तेल वेळेवर बदला, आणि मला पुन्हा उतरवून चढवायची वेळ आली तर बोल्टने ओढू नका. नीट बसवलंत तर मी आपणहून बसतो. बाकी गिअरचं मी बघेन.

चला, तिचा डावा पाय मॅटवर टेकला. दुसरा गिअर घेतो.