पहिला जागरूक नागरिक

बक्षीस लागलंय हे फिल्टरवाल्याला बायकोनं सांगितलं, आणि त्यानं ओल्या हातानंच तिच्याकडून फोन काढून घेतला.

तो आंघोळीला गेला असताना फोनवर निरोप आला होता: आपण या वर्षीचे पहिले जागरूक नागरिक. खाली हिरवं बटण. बायकोनं ते दाबलं. फोटो मागितला, तर दोघांचा हसतानाचा फोटोही देऊन टाकला.

"तुमच्या कंपनीच्या बोनसमधलंच काहीतरी असणार," ती म्हणाली. बोनसची थाप त्यानंच मारलेली होती, आता बोलायची सोय नव्हती.

पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायला तो घराघरांत शिरायचा. जाता-येता दिसलेला गैरप्रकार सरकारी ॲपवर टाकायचा. तक्रार खरी निघाली की खात्यात पैसे, नाव गुप्त. घरी तो त्या पैशांना बोनस म्हणायचा. कुणी जिना अडवलेला, कुणी गच्चीवर चोरून खोली बांधलेली. चोरी नव्हती ही, पण चांगलं कामही नव्हतं, आणि हे त्यालाही कळत होतं. दोन महिन्यांपूर्वी मात्र त्यानं हद्द केली. आगीच्या धोक्याला त्या आठवड्यात दुप्पट पैसे होते, आणि बायकोच्या धाकट्या भावानं वेल्डिंगच्या दुकानामागे जिन्याखाली नियमापेक्षा जास्त गॅसच्या टाक्या रचल्या होत्या. दुकानाला सील लागलं.

मेहुणा तेव्हापासून घरी बसून होता. बहिणीकडे जेवायला आला की शांतपणे म्हणायचा, "दाजी, फोटो टाकणारा एकदा सापडू दे. तंगडं तोडून हातात देतो." दाजी मान डोलवायचे.

त्यानं कार्यालयात फोन लावला. "नाव गुप्त असतं ना?"

"असतं की," तिकडची बाई म्हणाली. "बक्षीस लागलं की जाहीर होतं. तुम्ही अटी मान्य केल्यात."

"मला बक्षीस नको."

"असं कसं? तुमचा फोटो छापायला गेलासुद्धा."

आता एकच आशा होती. त्यानं साठ-सत्तर फोटो पाठवले होते. समारंभात दाखवायला त्यांतला एखादा कचऱ्याचा निवडला असेल. आजारी पडावं, असंही मनात आलं. पण बायकोनं नवा शर्ट इस्त्री करून ठेवला होता, आणि भावालाही बोलावलं होतं. "घरात कुढत बसलाय बिचारा. तुमचं कौतुक बघून तेवढंच बरं वाटेल त्याला."

सभागृहात ती दोघं पहिल्याच रांगेत बसली. मेहुण्याचे जाडजूड हात टाळ्या वाजवत होते, आणि मंचावर उभ्या फिल्टरवाल्याची नजर त्या हातांवरून हलत नव्हती.

"आता पाहूया, अनेकांचे प्राण वाचवणारं ते छायाचित्र," निवेदक म्हणाला.

मागच्या पडद्यावर जिना उजळला. टाक्या, निळी भिंत, आणि पहिल्या पायरीशी काढून ठेवलेल्या लाल पट्ट्यांच्या चपला. बायकोच्याच. त्या दिवशी भावाला बरं नव्हतं म्हणून ती दुकानावरच्या त्याच्या घरी गेली होती, आणि हा हात धुवायला म्हणून खाली थांबला होता.

टाळ्या थांबल्या त्या एकाच खुर्चीतल्या. मेहुणा उठला. आता मंचावर येणार, म्हणून फिल्टरवाल्यानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मेहुणा दारातून बाहेर पडत होता. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही.

"विजेत्यांच्या सौभाग्यवतींनी फोटोसाठी वर यावं."

ती आली. शेजारी उभी राहिली, पण हातभर अंतर ठेवून. फोटोग्राफरनं जवळ सरकायला सांगितलं, तरी सरकली नाही. समोर बघतच तिनं हळू आवाजात विचारलं, "अहो, आपल्या घरातले किती फोटो काढलेत?"

"एकही नाही," तो म्हणाला. खरंच एकही काढला नव्हता. पण तिनं पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला, आणि मेहुण्याला घाबरत आलेल्या त्या माणसाला दिसलं की आपली बायको आपल्याला घाबरते आहे.